पट्ट्यावरची तीन भोकं

अंधेरी,
रविवार, ९ मार्च १९५८

रा. रा. अनंतराव यांस,

आशीर्वाद लिहावेत की नमस्कार हे ठरेना, म्हणून दोन्ही सोडून मुद्द्यावर येतो. तुमचं पार्सल पोचलं. कापड शिवून, लाखेचे शिक्के मारून आलं होतं, त्यामुळे हिला वाटलं नागपूरची संत्र्याची बर्फी असेल. निघालं घड्याळ. सोबत तुमची चिठ्ठी, ‘हे आता माझ्याकडे असणं बरं नाही, आपलं आपल्याकडे असावं.’ पुढे सही. मागे काही नाही, बाजूला काही नाही.

तुमचं लग्न ठरल्याचं कानावर आलंच होतं. मुलीचं नाव उत्तरा, मुहूर्त वैशाखातला. नागपूर लांब असलं तरी नातेवाईकांच्या जिभा त्याहून लांब असतात. शुभाला जाऊन अजून तीन वर्षंही झाली नाहीत, असं मी म्हणणार नाही. तुम्ही तरुण आहात, जन्मभर भिंतीकडे बघत बसा असं कोण म्हणेल? पण घड्याळ परत पाठवायचं कारण काय? लग्नात जावयाला दिलेली वस्तू परत येते ती फक्त भांडण झालं तर.

भांडण झालंच होतं म्हणा. माझी मुलगी क्षयाने महिनोन्‌महिने सॅनेटोरियममध्ये पडून होती आणि आईबापांना ते कळलं तारेने, सगळं आटोपल्यावर. तेराव्याला चार लोकांत मी तुम्हाला म्हणालो, “माझी मुलगी तुम्ही आमच्यापासून लपवून मारलीत.” त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. तुम्ही खाली मान घालून बसलात. निदान भांडला असतात तरी बरं वाटलं असतं.

घड्याळाशी मात्र माझं भांडण नाही. ते माझ्या वडिलांचं. त्यांच्या मनगटावरून माझ्या मनगटावर आलं आणि लग्नात मी ते तुम्हाला दिलं. तुमच्या मातोश्रींच्या ते मनाला आलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. इतरांच्या जावयांना दुकानातलं कोरं घड्याळ मिळतं, खोक्यासकट, आणि या कर्णिकांनी घरातलं जुनंच पुसून जावयाच्या हाताला बांधलं. कचेरीतून आल्यावर महिनाभर खपलो होतो मी त्याच्यावर. सगळं उघडून साफ केलं, नवी कमान घातली. पण विहीणबाईंना कोण सांगणार? तुम्ही ते कानाला लावलंत आणि हसलात. त्या हसण्यावर मी तुम्हाला मुलगी दिली असती, आधीच दिली नसती तर.

काल व्हरांड्यात टेबल मांडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि झाकण काढलं. तेल वाळून डिंक झालंय. म्हणजे शुभा गेल्यापासून ते कपाटात पडून होतं. घड्याळ वापरलं तर झिजतं आणि नाही वापरलं तर मरतं, हे याच टेबलावर मी तुम्हाला शिकवलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि तो पट्टा. मूळच्या भोकांच्या आत तुम्ही आणखी तीन भोकं पाडलीत, तीही तापल्या सुईने. कडा जळून काळ्या झाल्यात. अहो, कुठल्याही मोच्याकडे पंच असतो, उभ्या उभ्या करून देतो. पहिल्या भोकाला बकलाचा वळ चांगला खोल, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला जेमतेम. याचा अर्थ न कळायला मी आंधळा नाही. तुम्ही वाळलात. खानावळीतलं जेवून जेवून काडी झालात, आणि मग घड्याळ ठेवून दिलंत. जेवत जा. नवी बायको येईल तिला नवरा दिसला तरी पाहिजे. हे मी रागाने लिहितोय, भलता समज नको.

घड्याळ आता माझ्याकडेच राहील. तबकडी पिवळी पडलीय ती रंगवून घेईन, पट्टा फेकून नवा घालीन. तुमची खूण राहणार नाही त्याच्यावर.

श्यामसुंदर कर्णिक


अंधेरी,
रविवार, १६ मार्च १९५८

अनंतराव,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. तरी लिहितोय, कारण एक गोष्ट घडली ती घड्याळं कळणाऱ्या माणसालाच सांगण्यासारखी आहे आणि या घरात तसा आता कोणी उरला नाही. हिला सांगायला गेलो तर म्हणते, तुमची ती टिकटिक माझ्या स्वयंपाकघरात आणू नका.

इथल्या शेजारच्या आंबोलीचा विन्सेंट आठवत असेल. शेतातली वांगी आणून द्यायचा आणि तुम्हाला ‘जावयबापू’ म्हणायचा. त्याच्या मुलाचं, रेमंडचं, लग्न आहे. विन्सेंटच्या वडिलांचं मनगटी घड्याळ लग्नात रेमंडला घालायचं म्हणून तो माझ्याकडे देऊन गेला होता. तबकडीवर विडीच्या निखाऱ्याचा करपलेला डाग, घड्याळाची डबी कोपऱ्यावर चेपलेली, पट्ट्याच्या नावाने दोरी. मी म्हटलं, बघच आता. फोर्टातल्या रंगाऱ्याकडून तबकडी पांढरीशुभ्र करून आणली, चेप काढला, पॉलिश केलं, तांबूस पट्टा चढवला. माझ्या हातून इतकं देखणं काम फारसं झालेलं नाही.

विन्सेंटने ते उलटंसुलटं करून पाहिलं. “झकास केलंस भाऊ,” म्हणाला. “पण पप्पा कुठं गेला रे यातला?”

बस्स, एवढंच. रागावला असता तर मी दोन शब्द ऐकवले असते. तो रागावला नाही. घड्याळ खिशात टाकलं, चहा न घेता गेला. त्या डागावर तो लहानपणी बोट फिरवायचा म्हणे, हे त्याने मला आधी का सांगितलं नाही? आणि मी तरी का विचारलं नाही? इतकी वर्षं जुनी घड्याळं नवी करतोय, आणि एकालाही कधी विचारलं नाही की बाबा, यातलं काय ठेवू.

सांगायचं काय, तुमचं घड्याळ तसंच ठेवलंय. आतून साफ केलं, तेल दिलं, झोकात चालतंय. तबकडी पिवळीच राहू दिली. पट्टा काढून कचऱ्यात टाकायला निघालो होतो, तो परत लावला.

लावताना तो रविवार आठवला. तुम्ही तेव्हा मुंबईत नोकरीला होता, दर रविवारी दोघं इकडे यायचात. याच टेबलावर तुझ्या हातून बॅलन्सचा स्क्रू उडाला, मोहरीएवढाही नाही तो, आणि अख्खं घर गुडघ्यांवर आलं. धाकटी कुंदा लोहचुंबक फिरवत होती, ही सूप घेऊन केर पाखडत होती, मी ओरडत होतो. शुभा तेवढी उभी. म्हणाली, “भाऊ, तुम्ही ओरडता त्या वाऱ्यानेच तो उडाला असेल.” शेवटी सापडला तुझ्याच कोपराला चिकटलेला. संध्याकाळी जुहूला गेलो, भेळ खाल्ली, तू हातातल्या घड्याळासकट वाळूत लोळलास आणि मी पुन्हा ओरडलो. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसू दाबत होतात. माझं ओरडणं ही या घरातली फुकटची करमणूक होती. आता कोणी हसत नाही, म्हणून ओरडण्यातही राम राहिला नाही.

अहो-जाहो सोडून ‘तू’ लिहून गेलो. खोडत नाही.

एकच विचारतो. कुंदाच्या लग्नाला तू एकटा आलास. शुभाला ताप आहे, प्रवास झेपणार नाही म्हणालास. जेमतेम दोन महिन्यांनी ती गेली. म्हणजे त्या दिवशी मांडवात माझ्या शेजारी उभा राहून तुला सगळं ठाऊक होतं. तेव्हा का बोलला नाहीस? मी अंगावरच्या कपड्यांनिशी नागपूर गाठलं असतं. बापाला लेकीचं तोंड बघू दिलं नाहीस, ते का, एवढंच मला कळत नाही. दुसरं काही नको.

भाऊ


अंधेरी,
२३ मार्च १९५८

अनंत,

हे पत्र लहान आहे.

कुंदा पाडव्याला ठाण्याहून आली होती. श्रीखंड झालं, गप्पा झाल्या. टेबलावरचं घड्याळ तिने सहज उचललं, ‘आजोबांचं ना हे?’ म्हणत मनगटावर चढवलं आणि पट्टा आवळत आवळत अगदी आतल्या भोकात अडकवला. तरी ते बांगडीसारखं फिरत होतं. हात वर केला तर कोपराकडे घसरलं. कुंदा मुळातच काडीपैलवान, तुला माहीत आहे. ती हसली आणि म्हणाली, “भाऊ, हे कुणाच्या मापाचं? लहान मुलाच्या?”

मी घड्याळ मागून घेतलं आणि भिंग लावून ती भोकं पुन्हा पाहिली.

पुरुष कितीही वाळला तरी त्याचं हाड वाळत नाही. कुंदालाही सैल होणाऱ्या भोकात तुझं मनगट मावेल कसं? मी पहिल्या पत्रात तुला जेवायला सांगितलं. एवढा मोठा घड्याळं वाचणारा मी, आणि हे मला वाचता आलं नाही.

ते शुभाने घातलं होतं का? पहिलं भोक, मग दुसरं, मग तिसरं. तिसऱ्याला वळ जेमतेम आहे, म्हणजे ते पाडल्यावर फार दिवस ती नव्हती. असंच ना?

मी कुंदाला म्हटलं, मोच्याने चुकून कुण्या पोरीच्या घड्याळाचा पट्टा लावलेला दिसतो. सणाच्या दिवशी तिला रडवावंसं वाटेना. तिने विश्वास ठेवला. तू मात्र मला खरं सांग. काय असेल ते असेल. रागावणार नाही.

भाऊ


अंधेरी,
६ एप्रिल १९५८

चि. अनंत, अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर कागद फाटला. त्यातलं मीच तुला परत लिहितो, म्हणजे मला नीट समजलं की नाही ते तुला कळेल. तुझ्याबाबतीत मी एकदा न समजताच बोललो, ते पुष्कळ झालं.

शुभाला क्षय आहे हे कळलं तेव्हा इकडे कुंदाचं लग्न जमत होतं. मोठ्या बहिणीला क्षय आहे हे ठाण्याच्या मंडळींच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी ठरलेलं लग्न मोडलं असतं, आणि पुढेही आमच्या दारात कोणी आलं नसतं. आपल्यात तो शब्दसुद्धा दारं लावून उच्चारतात. म्हणून शुभाने तुझ्याकडून वचन घेतलं, कुंदाच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत भाऊंना कळता कामा नये. भाऊंच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरं आहे. मला कळलं असतं तर मी छाती बडवत निघालो असतो आणि अंधेरी स्टेशनपर्यंत सगळ्यांना सांगितलं असतं. माझी मुलगी मला बरोबर ओळखून होती.

अक्षता पडल्यावर तू लगेच लिहिणार होतास. ती म्हणाली, आता उतार पडतोय, बरी होऊन मीच जाते आणि त्यांना चकित करते. उतार पडला नाही.

घड्याळ तिनेच मागून घेतलं. ताप पाहायच्या वेळा पाळायला हवं, असं निमित्त. सॅनेटोरियमच्या भिंतीवर चांगलं मोठं घड्याळ होतं, हेही तू लिहिलंयस. रोज सकाळी ती चावी द्यायची. बोटांत जोर राहिला नाही तेव्हा तू चावी फिरवायचास आणि ती नुसतं चिमटीत धरल्यासारखं करायची. मनगट बारीक होत गेलं तशी तू तिच्या खाटेवर बसून, स्टोव्हवर सुई तापवून भोकं पाडत गेलास. तिसरं पाडलंस तेव्हा ती म्हणाली, “हे भाऊंना दाखवू नका. चामडं जाळलं म्हणून ओरडतील.”

ओरडलो मी. पहिल्याच पत्रात ओरडलो.

ते वाचून मी व्हरांड्यात बसून रडलो, अनंत. रस्त्यावरून माणसं जात होती, मला त्याचं काही वाटलं नाही. ती गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, तुझ्यावर संतापलो होतो. राग होता म्हणून रडणं राहिलं होतं.

तेराव्याला तू का गप्प बसलास, तेही आता कळलं. कुंदा समोर बसली होती, नवऱ्याशेजारी, हिरव्या बांगड्या अजून हातात. तू तोंड उघडलं असतंस तर तिला जन्मभर वाटत राहिलं असतं की माझ्या लग्नापायी ताईला आईबाप भेटले नाहीत. म्हणून माझे शब्द तू अंगावर घेतलेस आणि आजवर बाळगलेस. मी चुकलो. याहून वेगळा शब्द मला सापडत नाही, आणि हा पुरेसा नाही हे मला समजतं.

आता तू लिहितोस, कुंदाला हे कधी सांगू नका. नाही सांगणार. काल ती येऊन गेली. तुझ्या लग्नाचा विषय निघाला तशी नाक मुरडून म्हणाली, “बरी घाई झाली भावोजींना.” मी खाली मान घालून अडकित्त्याने सुपारी कातरत राहिलो. ओठांवर आलेलं गिळून टाकणं सोपं नाही रे. तू हे माझ्यासमोर, पंचवीस माणसांत केलंस.

हिला मात्र सांगितलं. तिच्यापासून लपवणं मला जमलं नसतं आणि ते न्यायाचंही नव्हतं. मी पत्र वाचून दाखवत होतो तेव्हा ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, “घड्याळ त्यांचं आहे, त्यांना पाठवा.”

मी म्हटलं, त्याचं लग्न होतंय आता.

“होऊ दे. मुलगी गेली म्हणून जावई जातो काय?” आणि तांदूळ डब्यात भरता भरता, “ती जी कोण येणार आहे, तिला आई आहे का विचारा.”

तर विचारतो. आहे का?

भाऊ


अंधेरी,
२७ एप्रिल १९५८

चि. सौ. कां. उत्तरा हीस,

लग्नाआधी मुलीला असं परस्पर लिहू नये, म्हणून हे पत्र अनंतच्या पार्सलात घालतोय. त्याने वाचलं तरी हरकत नाही. मी अनंतचा सासरा. लोक ‘होते’ असं म्हणतात, म्हणू देत.

तुझी आई तू लहान असतानाच गेली, असं अनंतने कळवलं. वाईट वाटलं. आणि खोटं कशाला लिहू, आमच्या घरात थोडी हालचालही झाली.

सोबत त्याचं घड्याळ पाठवलंय. त्याला रोज चावी द्यायला लाव, कपाटात ठेवू देऊ नकोस. पट्टा जुनाच आहे. आतल्या अंगाला जी तीन जळकी भोकं दिसतील ती आमच्या शुभाच्या आजारपणातली. तुला ती कशाची म्हणून कोडं पडायला नको आणि त्याला लपवायला नको. लपवण्यात तो भलता पटाईत आहे, त्याची ती सवय तूच मोड. आमच्याच्याने झालं नाही. चामडं आता विटलंय, कधीतरी तुटेल. तुटलं की खुशाल नवा पट्टा घ्या, तुझ्या आवडीचा. मला विचारू नका.

तुझ्या सासूबाई कदाचित शुभाच्या नावाचा टाक तुझ्या गळ्यात घालतील. पहिलीची आठवण दुसरीने गळ्यात बाळगायची, अशी आपल्यात रीत आहे. बाळगावासा वाटला तर बाळग, जड वाटला तर देवघरात ठेव. शुभा कोणाच्या मानेवर बसणाऱ्यातली नव्हती, आणि तिच्या वतीने मी सांगतोय म्हटल्यावर कोणी काही बोलणार नाही. बोललंच तर मला कळव, मला ओरडायचा उत्तम सराव आहे.

आता कामाचं. यंदा श्रावण अधिक आहे. अधिकात जावयाला बोलावून वाण देतात, लेकीला साडी नेसवतात. मागचा अधिक आला तो शुभा गेली त्याच पावसाळ्यात, तेव्हा या घरात अनारशांचे तांदूळ भिजले नाहीत. यंदा भिजणार आहेत. तुम्ही दोघांनी यायचं. सासरी काय ते माझं नाव सांग, म्हणावं माहेरहून बोलावणं आहे. कुंदा म्हणून माझी धाकटी मुलगी आहे, ती पहिल्यांदा तुमच्याशी जरा फटकून वागेल. तू मनावर घेऊ नकोस आणि अनंतलाही सांग, मी आहे तिथे.

शुभाच्या आईला लिहायला सांगितलं तर ती म्हणते, तुम्हीच लिहा, मला काय सुचतंय. पण मघापासून तीनदा बाहेर येऊन विचारून गेली, नागपूरची म्हणजे तिखट खात असेल, आमची गुळाची आमटी तिला रुचेल का? याचं उत्तर तू मला पाठवू नकोस. तिलाच लिही आणि वर ‘ती. आईस’ असं घाल. नागपूरच्या शिक्क्याचं तसं पत्र या घरी येईनासं झालं, तरी ती अजून पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहते.

तुझा,
भाऊ